पत्रा कापण्याआधी मशीन चालवून बघणं

पिंपरी-भोसरी पट्ट्यातल्या बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. ऑटोमेशनवाल्यांचा मात्र तो हमखास कामाचा वार. चालू लाइनमध्ये नवा रोबो बसवायचा, कन्व्हेयरचा प्रोग्रॅम बदलायचा, नव्या मॉडेलसाठी फिक्स्चर जोडायचं, तर लाइन थांबलेली हवी. ती थांबते गुरुवारी, दिवाळीत, नाहीतर वार्षिक शटडाउनमध्ये. शुक्रवारी पहिल्या शिफ्टला उत्पादन सुरू व्हायलाच लागतं. बुधवारी रात्री आत शिरलेल्या माणसाच्या हातात जेमतेम एक दिवस उरतो. त्या दिवसात प्रोग्रॅम पहिल्यांदा मशीनला लावायचा आणि त्यातल्या चुका तिथंच उभ्या उभ्या शोधायच्या, असं वर्षानुवर्षं चालत आलं आहे. व्हर्च्युअल कमिशनिंगमध्ये यातलं बरंचसं काम आधीच उरकतात. मशीनचं संगणकात प्रतिरूप तयार करायचं, खरा प्रोग्रॅम त्याला जोडायचा आणि सापडतील तेवढ्या चुका ऑफिसातच शोधून काढायच्या.

देहूरोडच्या आसपास राहणाऱ्याला हा विषय परका नाही. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचं हे छावणीचं गाव. एका अंगाला निगडी, आकुर्डी, चिंचवड. दुसऱ्या अंगाला तळेगाव. आणि देहू-तळवड्यावरून गेलं की चाकण. पिंपरी-चिंचवडला 1966 मध्ये टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स आली. चाकणला 1999 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि 2009 मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे. या मोठ्यांना लागणारी फिक्स्चर, कन्व्हेयर आणि एसपीएम, म्हणजे एकाच कामासाठी खास बांधलेली यंत्रं, बनवणारे लहान कारखानदार भोसरी, चिखली, तळवडे भागात गाळ्यागाळ्यांतून बसलेले आहेत. त्यात देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवती 2000 यार्डांचा रेड झोन. निगडी, तळवडे, चिखलीचे काही भाग त्यात येतात आणि तिथं बांधकामावर निर्बंध आहेत. मोकळी शेड मोजकी आणि महाग. अशा ठिकाणी तयार मशीन महिनाभर जागेवर ठेवून तपासत बसणं म्हणजे पुढच्या ऑर्डरची जागा अडवणं.

मशीन बनण्याचा क्रम सगळीकडे सारखाच असतो. आधी डिझाइन, मग पत्रा आणि लोखंड कापणं, मशीनिंग, असेंब्ली, हवेच्या नळ्या, पॅनेल वायरिंग आणि सगळ्यात शेवटी प्रोग्रॅमर. डिझाइनला दोन आठवडे उशीर झाला, बाहेरून येणारा सिलिंडर एक आठवडा लांबला, तरी डिस्पॅचची तारीख हलत नाही. सगळ्यांचा उशीर शेवटच्या माणसाच्या माथी बसतो. जर्मनीतल्या मशीन-टूल उत्पादकांच्या संघटनेचा 1997 चा एक अहवाल या संदर्भात नेहमी पुढे केला जातो. त्यानुसार प्रकल्पाच्या एकूण वेळातला 25 टक्क्यांपर्यंत वेळ कमिशनिंगला, म्हणजे मशीन चालू करून देण्याला जातो, त्यातला 90 टक्क्यांपर्यंत इलेक्ट्रिकल आणि कंट्रोलच्या कामात, आणि त्यातलाही 70 टक्क्यांपर्यंत निव्वळ सॉफ्टवेअरच्या चुका निस्तरण्यात. वाईटात वाईट धरून गुणाकार केला तर सगळ्या प्रकल्पाचा जवळजवळ सहावा हिस्सा प्रोग्रॅममधल्या चुकांनी खाल्ला असं निघतं. आकडे जुने आणि परदेशी आहेत. तरी इथल्या कुठल्याही साइट इंजिनीअरला दाखवा, तो मान डोलावेल.

ऑफिसात बसून या चुका सापडतात कशा, हे कळायला आधी पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा औद्योगिक संगणक, काय करतो ते पाहायला हवं. 1968-69 च्या सुमारास अमेरिकेत डिक मोर्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोडिकॉन 084 हा पीएलसी घडवला. त्याआधी मशीनचा सगळा क्रम रिलेच्या पॅनेलमध्ये, वायरींमध्ये बांधलेला असे. क्रम बदलायचा तर वायरी सोडा आणि पुन्हा जोडा. गाडीच्या दर नव्या मॉडेलला हा खटाटोप जनरल मोटर्सला नको होता. पीएलसी एकच काम पुन्हा पुन्हा करतो: सगळे इनपुट वाचतो, प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सोडवतो, आउटपुट लिहितो, आणि परत पहिल्यापासून. एक फेरी काही मिलिसेकंदांची. त्याच्या लेखी सिलिंडर, क्लॅम्प, गाडीचं दार असलं काही नसतंच. साध्या डिजिटल सिग्नलपुरतं बोलायचं तर या टर्मिनलवर 24 व्होल्ट आहेत की नाहीत, एवढंच त्याला कळतं.

म्हणजे सिलिंडरऐवजी दुसऱ्या कुणी योग्य वेळी योग्य उत्तर दिलं, तर पीएलसीला फरक पडत नाही. भोसरीतल्या जुन्या माणसांना हे तत्त्व चांगलं माहीत होतं. ते लाकडी फळीवर टॉगल स्विचची रांग ठोकत, शेजारी छोटे दिवे बसवत आणि टेबलावरच प्रोग्रॅम तपासत. दिवा लागला, म्हणजे पीएलसीनं क्लॅम्प बंद करायला सांगितलं. मग माणूस बोटानं स्विच पाडे, म्हणजे क्लॅम्प बंद झाल्याची खबर गेली. दहा-पंधरा सिग्नलच्या मशीनला हे पुरे. एका रोबो सेलमध्ये सिग्नल काहीशे असतात आणि त्यातले कितीतरी एकाच सेकंदात बदलतात. तिथं बोटं कमी पडतात आणि त्या फळीची जागा संगणकातलं मॉडेल घेतं.

चाकणच्या कुठल्याही बॉडी शॉपमध्ये शोभेल असा एक साधा सेल घेऊ. ऑपरेटर दाराचा आतला पत्रा आणि त्याची मजबुतीपट्टी फिक्स्चरवर ठेवतो. पत्रा बसला हे सांगायला दोन प्रॉक्स, म्हणजे धातू जवळ आला की सिग्नल देणारे सेन्सर. लाइट कर्टनमधून (हात आत आला की मशीन थांबवणाऱ्या प्रकाशकिरणांच्या पडद्यातून) बाहेर येऊन तो बटण दाबतो. सहा क्लॅम्प बंद होतात, टर्नटेबल फिरतं, पलीकडचा रोबो स्पॉट वेल्डिंग करतो, टेबल परत येतं, क्लॅम्प उघडतात. वर्णन पाच वाक्यांत संपलं, पण याचा प्रोग्रॅम पाच वाक्यांत होत नाही.

मॉडेल करताना पहिल्यांदा मेकॅनिकल डिझाइनची थ्रीडी फाइल घेतात आणि हलकी करतात. बोल्टचे आटे, सिलिंडरच्या पोटातले सील यांचा इथं उपयोग नसतो, उलट संगणक धापा टाकतो. मग हलणारे भाग वेगळे काढून त्यांना सांधे देतात: हा क्लॅम्प या पिनभोवती इतके अंश फिरतो, हे टेबल 180 अंश फिरतं. इथपर्यंतचं काम डिझाइनवाल्याच्या हाताखालचा मुलगाही करतो. पुढचं काम कंट्रोलवाल्याचं. प्रत्येक हलणाऱ्या भागाला सिग्नल बांधायचे. सोलेनॉइड व्हॉल्व्हला आउटपुट मिळालं की क्लॅम्प समजा 0.6 सेकंदात बंद होतो. निघाल्याबरोबर 'उघडा' सांगणारा रीड स्विच बंद पडतो आणि टोकाला पोचल्यावर 'बंद' सांगणारा लागतो. मधल्या वेळात दोन्ही शून्य असतात, आणि प्रोग्रॅमच्या कितीतरी चुका या मधल्या वेळातच लपलेल्या असतात. व्हॉल्व्ह सिंगल सोलेनॉइड असेल तर वीज गेल्यावर स्प्रिंगनं परत फिरतो. डबल सोलेनॉइड असेल तर होता तिथंच राहतो. मॉडेलमध्ये हा फरक उतरला पाहिजे. दिसायला क्लॅम्प दोन्हीत सारखाच दिसतो, म्हणून तो हटकून राहून जातो.

इथं माझं एक मत सांगतो. प्रदर्शनात या सॉफ्टवेअरांचे जे नमुने दाखवतात त्यात चकचकीत चित्र असतं, सावल्या पडतात, ठिणग्या उडतात. गिऱ्हाईक खूश होतं. पण चुका पकडण्यात त्या चित्राचा वाटा थोडा आणि सिग्नलच्या वागणुकीचा मोठा. आदळआपट, पोच आणि जागा तपासायला थ्रीडी हवंच. बाकी क्रम, इंटरलॉक, टायमर, अलार्म हे सगळं करड्या ठोकळ्यांवरही तितकंच नीट तपासता येतं.

आता पीएलसी. दोन मार्ग आहेत. पीएलसीसुद्धा संगणकातच चालवायचा, म्हणजे खरा प्रोग्रॅम जसाच्या तसा इम्युलेटरमध्ये टाकायचा. किंवा खरा पीएलसी टेबलावर ठेवून नेटवर्कवरची सगळी उपकरणं नकली उभी करायची. पहिला मार्ग स्वस्त, आणि त्यात पीएलसीचं घड्याळ मॉडेलच्या घड्याळाशी बांधता येतं. हे महत्त्वाचं आहे. मॉडेल जड झालं की लॅपटॉप मागे पडतो, 0.6 सेकंदाचा क्लॅम्प दोन सेकंद घेतो, प्रोग्रॅमचा टायमर संपतो आणि मशीन फॉल्टमध्ये जातं. चूक प्रोग्रॅमचीही नाही आणि मशीनचीही नाही, लॅपटॉपची. दुसऱ्या मार्गात नेटवर्क आणि खऱ्या पीएलसीचा स्कॅन टाइमही (एका फेरीचा वेळ) तपासला जातो. मोठ्या लाइनसाठी तो बरा. रोबोच्या बाबतीत बहुतेक कंपन्या आपल्या कंट्रोलरची संगणकी प्रत देतात. एबीबीचं रोबोटस्टुडिओ 1998 पासून आहे. बाकीच्या बाजारात सिमेन्सचं प्रोसेस सिम्युलेट, दासो सिस्टिम्सचं डेल्मिया, 2019 मध्ये रॉकवेलनं घेतलेलं इम्युलेट थ्रीडी, 2017 मध्ये कुकानं घेतलेलं व्हिज्युअल कंपोनंट्स अशी नावं ऐकू येतील. कुठलं घ्यावं हा प्रश्न बहुधा गिऱ्हाइकाच्या स्पेसिफिकेशननंच सुटलेला असतो.

जोडणी झाली की आधी सरळ सायकल चालवतात. चालली की टाळ्या. बरेच जण इथंच थांबतात आणि अर्धा पैसा वाया घालवतात. सरळ सायकल प्रत्यक्ष मशीनवरही तासा-दोन तासांत चालवता येते. खरा फायदा वाकड्या गोष्टींचा आहे, ज्या मशीनवर करून पाहायला कुणी धजत नाही.

समजा, रोबोची वेल्डिंग गन पत्र्याच्या आत शिरलेली आहे आणि त्याच क्षणी वीज गेली. चाकणच्या पावसाळ्यात ही काही कल्पनेतली परिस्थिती नाही. वीज परत आली. पीएलसीच्या मेमरीत स्टेप नंबर टिकून राहिला का? टिकला असेल तर ऑपरेटरनं 'रिसेट' दाबल्यावर तो पुसला गेला का? पुसला गेला, तर प्रोग्रॅमला वाटणार की सायकल सुरूच झालेली नाही. मग तो टर्नटेबल होमला पाठवील, आणि गन अजून फिक्स्चरच्या आत आहे. मॉडेलमध्ये अशा वेळी टेबल रोबोच्या हातातून आरपार जातं आणि दोन्ही लाल होतात. शॉप फ्लोअरवर गनचा हात वाकतो आणि लाइन अख्खा दिवस उभी राहते. म्हणून टेबल फिरवण्याच्या अटीत स्टेप नंबरवर भिस्त ठेवायची नाही. रोबो सुरक्षित जागी आहे, असा रोबोकडून येणारा सिग्नलच तिथं बघायचा. हा धडा ऑफिसात शिकायला चहाइतका खर्च येतो.

असंच एकेक घ्यायचं. चौथ्या क्लॅम्पचा रीड स्विच कायमचा चिकटला. क्लॅम्प उघडला तरी 'बंद' सांगतोय. प्रोग्रॅम दोन्ही स्विचचा मेळ बघतो की एकावरच विश्वास ठेवतो? ऑपरेटरनं बटण दाबून हात पुन्हा आत घातला. हवेचा दाब मधेच उतरला. मजबुतीपट्टी न ठेवताच बटण दाबलं. ऑटोमध्ये असताना कुणी मॅन्युअल केलं, क्लॅम्प उघडला आणि परत ऑटो केलं. हे शेवटचं तर रोज घडतं, कारण अडकलेला पत्रा सोडवायचा दुसरा मार्ग ऑपरेटरला ठाऊक नसतो. प्रत्येक वेळी तीन प्रश्न विचारायचे: मशीन सुरक्षित थांबलं का, स्क्रीनवरचा संदेश नेमका कारणच सांगतो का, आणि पुढे चालू करायला ऑपरेटरला काय करावं लागतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'प्रोग्रॅमरला फोन' असेल, तर प्रोग्रॅम पुरा झालेला नाही.

ही यादी प्रोग्रॅमरनं स्वतः करू नये. त्यानं ज्या गोष्टीचा विचारच केलेला नाही ती त्याच्या यादीतही येणार नाही. मेंटेनन्समधला जुना माणूस आणि लाइनवरचा ऑपरेटर यांना मॉडेलसमोर बसवा. तासाभरात ते असे प्रश्न काढतील, की प्रोग्रॅमरला आठवडा पुरणार नाही. मॉडेलचा आणखी एक फायदा इथंच मिळतो: मशीन येण्याआधी स्क्रीन कशी चालते हे ऑपरेटर शिकून घेतो.

म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात 2006 च्या सुमारास या पद्धतीचा प्रयोग झाला. मॉडेलवर आधी तपासणी केलेल्यांना प्रत्यक्ष मशीनसमोर 75 टक्के कमी वेळ लागला, आणि मशीनपाशी जाताना त्यांच्या प्रोग्रॅमची तयारी 37 टक्क्यांच्या जागी 84 टक्के भरली. विक्रेते हा 75 टक्क्यांचा आकडा मोठ्या अक्षरांत छापतात. तो मशीनसमोरच्या वेळाचा आहे. मॉडेल करायला लागलेले दिवस वेगळे मोजायचे. शिवाय 84 म्हणजे 100 नव्हे, आणि उरलेल्या 16 मध्ये काय असतं हे नीट समजून घ्यायला हवं.

त्यात सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे आयओ लिस्ट, म्हणजे मशीनच्या इनपुट-आउटपुट सिग्नलची यादी. प्रोग्रॅम याच यादीवरून लिहितात आणि मॉडेलही याच यादीवरून बांधतात. यादीत तिसऱ्या आणि चौथ्या क्लॅम्पचे सिग्नल उलटसुलट लिहिले गेले असतील तर दोघांतही ती चूक सारखीच उतरते आणि मॉडेलवर सगळं बिनबोभाट चालतं. एकाच पेपरातून उतरवलेली दोन उत्तरं जुळली म्हणून ती बरोबर ठरत नाहीत. वायरमननं टर्मिनलवर वायरी बदलल्या तर तेही मॉडेलला कळणार नाही. तेव्हा मॉडेलवर कितीही तपासणी झाली तरी साइटवरचा आयओ चेक, एकेक सेन्सर हातानं लावून पाहण्याचं ते कंटाळवाणं काम, सोडता येत नाही. आणि शक्य असेल तर प्रोग्रॅम लिहिणारा आणि मॉडेल बांधणारा माणूस वेगळा ठेवावा.

मॉडेलमधला सिलिंडर दर वेळी 0.6 सेकंदच घेतो. खरा सिलिंडर सकाळी 0.6 घेतो, दुपारी शेजारच्या लाइननं हवा ओढली की 0.9. खऱ्या पत्र्याचा वाक दर गठ्ठ्याला वेगळा असतो. प्रॉक्सवर वेल्डिंगच्या ठिणग्यांचा थर चढतो. रोबोची केबल महिनाभरानं घासू लागते. रोबोचे बिंदूही मॉडेलमधून आणले की थोडेफार सरकवावे लागतात, कारण रोबो एकाच जागी पुन्हा पुन्हा अचूक जातो, पण ती जागा ड्रॉइंगमधल्या जागेपासून काही मिलिमीटरनं चुकू शकते. वेल्ड पक्का झाला का, गोंद नीट पसरला का, हे तर या मॉडेलच्या कक्षेतच नाही. स्क्रू भरणाऱ्या व्हायब्रेटरी बाउल फीडरचं उदाहरण घ्या. भोसरीतल्या कितीतरी असेंब्ली मशीनवर तो असतो आणि त्यात स्क्रू कसा अडकेल हे संगणकाला सांगता येत नाही. तिथं फीडरला 'कधी स्क्रू देतो, कधी देत नाही' एवढंच वागणं द्यायचं आणि प्रोग्रॅम त्याला कसं तोंड देतो ते बघायचं.

सुरक्षेबाबत तर सवलतच नको. लाइट कर्टन तुटल्यावर प्रोग्रॅम थांबण्याचा हुकूम देतो का, हे मॉडेलवर जरूर तपासा. पण कर्टन धोक्याच्या जागेपासून किती लांब बसवायचा, हे मशीन प्रत्यक्षात किती वेळात थांबतं यावर ठरतं. आयएसओ 13855 या मानकात हाताचा वेग सुरुवातीला सेकंदाला 2000 मिलिमीटर धरतात. म्हणजे मशीन थांबायला 0.1 सेकंद जास्त लागला की कर्टन 200 मिलिमीटर मागे सरकवावा लागतो. (अंतर 500 मिलिमीटरच्या पुढे जात असेल तर वेग 1600 धरून हिशोब पुन्हा करता येतो.) तो थांबण्याचा वेळ खऱ्या टेबलावर खऱ्या वजनासह उपकरणानं मोजायचा असतो. मॉडेलच्या आलेखावर सही करून हे काम उरकणारा इंजिनीअर दुसऱ्याच्या हाताशी खेळतो.

राहिला पैशाचा प्रश्न. शंभर रोबोंच्या लाइनला हा खर्च कुणी विचारत नाही. तिथं एक दिवसाचा उशीरच सॉफ्टवेअरपेक्षा महाग. तळवड्यात आठ माणसांत वर्षाला दहा एसपीएम काढणाऱ्याचं गणित वेगळं असतं. दर मशीन नवं, मॉडेलही नवं, आणि लायसन्सची रक्कम ऐकून घशाला कोरड पडते. त्यानं थ्रीडीच्या मागे लागूच नये असं मी म्हणेन. पीएलसीच्याच प्रोग्रॅममध्ये एक वेगळा ब्लॉक लिहावा: आउटपुट आलं, ठरलेला वेळ मोजला, इनपुट दिला. सिलिंडरचा एक ब्लॉक, मोटरचा एक, कन्व्हेयरचा एक. प्रत्येकाला 'बिघाड' नावाचा एक बिट असावा, तो लावला की उत्तर येणं बंद. तीन-चार मशीननंतर ही स्वतःची लायब्ररी तयार होते आणि पुढच्या मशीनला मॉडेल दोन दिवसांत उभं राहतं. डिस्पॅचच्या आधी तो ब्लॉक काढून टाकला आहे, हे दोन माणसांनी तपासावं. तो चुकून राहिला तर मशीन नकली सिग्नलवर चालेल. आयटीआय आणि डिप्लोमाच्या मुलांना तर एवढाही खर्च नाही. कोडेसिस हे प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात सिम्युलेशनची सोय आहे, आणि घरच्या संगणकावर वर वर्णन केलेला सहा क्लॅम्पचा सेल उभा करता येतो.

मशीन विकत घेणाऱ्यांसाठीही एक काम आहे. पर्चेस ऑर्डरमध्ये 'व्हर्च्युअल कमिशनिंग करून द्यावे' एवढीच ओळ घातली, तर तुम्हाला सरळ सायकलचा एक सुंदर व्हिडिओ मिळेल. त्याऐवजी बिघाडांची यादी ऑर्डरला जोडा: वीज मधेच जाणं, हवेचा दाब उतरणं, चिकटलेला सेन्सर, ऑटो-मॅन्युअलची अदलाबदल, अर्धवट भरलेलं फिक्स्चर. यातला प्रत्येक बिघाड तुमच्या मेंटेनन्सच्या माणसासमोर मॉडेलवर करून दाखवल्याशिवाय डिस्पॅचला परवानगी नाही, असं लिहा. आणि त्या दिवशी त्या माणसाला लाइनवरून खरोखरच सोडा.